चौकडीचं कापड

बोरिवलीतल्या एका खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेचं परिपत्रक माझ्या मावसबहिणीच्या फोनवर आलं आणि तिथून आमच्या घरच्या ग्रुपवर. पुढच्या वर्षीपासून गणवेश बदलणार. करड्या-निळ्या चौकडीचा शर्ट, त्यावर करडी पँट. मुलींना स्कर्ट किंवा पँट यांतलं एक निवडायची मुभा. पीटीसाठी टी-शर्ट आणि ट्रॅक पँट. हाउसच्या रंगाचा आणखी एक टी-शर्ट. पाचवीपासून टाय, आठवीपासून ब्लेझर. काळे बूट वेगळे, पांढरे वेगळे. सगळी खरेदी शाळेने नेमलेल्या विक्रेत्याकडे. जुना गणवेश नवं वर्ष सुरू झालं की बंद.

ताई (आम्ही सगळी भावंडं तिला ताईच म्हणतो) त्या शाळेच्या पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीवर आहे. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे या समितीवरचे पालक चिठ्ठ्या टाकून निवडले जातात. मुलीच्या इयत्तेतून तिचं नाव निघालं. शाळेत गणवेश असावा हेच मुळात तिला मान्य नाही. माझी आई घाटकोपरच्या एका अनुदानित मराठी शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली, आता मुलुंडला असते, आणि तिच्या लेखी गणवेश नसलेली शाळा म्हणजे अर्धी शाळा. समितीची बैठक जवळ आली तेव्हा ताई मुद्दाम मुलुंडला आली. बैठकीत आईसारखाच विचार करणारी माणसं समोर असणार, तेव्हा आधी मावशीशी भांडून घेते, असं म्हणाली. मी ऐकत होतो. मध्ये मध्ये बोललो तेही खाली दिलं आहे.

आई : तू म्हणतेस गणवेश काढून टाका. मग सोमवारी मुलं काय घालून येतील?

ताई : घरी असेल ते. धुतलेलं, नीटनेटकं. फ्रान्समधल्या सरकारी शाळांत गणवेश नसतो. तिथली मुलं शिकतातच की.

आई : त्याच फ्रान्सने २०२४ मध्ये काही शाळांत गणवेशाचा प्रयोग सुरू केला, तेही वाचलंस ना? पण फ्रान्स राहू दे. आमच्या शाळेचं सांगते. एका वर्गात पंतनगरच्या इमारतींतली मुलं, भटवाडीच्या आणि असल्फ्याच्या टेकडीवरची मुलं, रमाबाई नगरातली मुलं. बालदिनाला रंगीत कपड्यांची परवानगी असायची. त्या दिवसाचं हजेरीपत्रक काढून बघावं. प्रत्येक वर्गात ठरावीक मुलं गैरहजर. दुसऱ्या दिवशी विचारलं की पोटात दुखत होतं. दरवर्षी त्याच दिवशी त्याच मुलांच्या पोटात दुखायचं. मुख्याध्यापिका झाल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल, तर रंगीत कपड्यांचा दिवस बंद केला. तू तो एक दिवस वर्षभर करायला निघालीस.

ताई : हे मी खोडून काढणार नाही. पण मावशी, तुमचा गणवेश होता खाकी पँट, पांढरा शर्ट आणि मुलींना निळा पिनाफोर. कुठल्याही दुकानात मिळायचा. माझ्या मुलीच्या वर्गात शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्क्यांतून आलेली मुलं आहेत. ती कोण हे बाकीच्यांना कशावरून कळतं, सांगू? गणवेशावरून. इतरांकडे तीन-तीन जोड. यांच्याकडे एक. तो रोज रात्री धुवायचा, पावसाळ्यात पंख्याखाली टांगायचा, सकाळी दमट असतानाच अंगावर चढवायचा. दिवाळीपर्यंत शर्टाचा रंग उडालेला असतो आणि वर्गात तो एकटाच फिका दिसतो. सगळे सारखे दिसावेत म्हणून आणलेला कपडाच कोण गरीब ते सांगतो.

आई : तो दोष किमतीचा आहे, गणवेशाचा नव्हे. स्वस्त करा.

ताई : स्वस्त होऊ नये अशीच त्याची रचना केलेली असेल तर?

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटला, म्हणून थोडं थांबून कापडाबद्दल सांगतो. गणवेशाचं कापड महाराष्ट्राला नवं नाही. इचलकरंजी आणि भिवंडीच्या मागांवर ते विणलं जातं, सोलापुरात शिवलं जातं. सोलापूरच्या तयार कपड्यांच्या उत्पादकांनी तर २०१७ पासून गणवेशाचं मोठं प्रदर्शनच भरवायला सुरुवात केली. या धंद्यातला एक साधा भेद पालकांना माहीत नसतो. एकरंगी कापड आधी कोरं विणतात आणि मग रंगवतात. पांढरा, आकाशी, खाकी, गडद निळा, करडा हे रंग बाजारात बारा महिने असतात, दहा गिरण्यांचे असतात, आणि मुलुंडच्या पाच रस्त्यापासून घाटकोपरच्या महात्मा गांधी रस्त्यापर्यंत कुठल्याही दुकानदाराला ते ठेवणं परवडतं. एका शाळेचं गिऱ्हाईक गेलं तरी दुसऱ्या शाळेचं येतं. चौकडीच्या कापडाचं तसं नाही. त्यात सूत आधी रंगवावं लागतं, ताण्यात आणि बाण्यात रंगांचा क्रम लावावा लागतो, आणि एका विशिष्ट चौकडीसाठी माग बांधायचा तर मोठी मागणी हातात लागते. एखाद्या शाळेने स्वतःपुरती चौकडी ठरवली की ती विणून घेणारा एकच असतो. दुसरा दुकानदार तो माल ठेवूच शकत नाही. ठेवला आणि उरला तर तो कुणाला विकणार?

अमुकच दुकानातून वस्तू घ्या अशी सक्ती शाळांनी करू नये, असा महाराष्ट्र शासनाचा निर्णय २००४ पासून आहे. दर जूनमध्ये त्याची आठवण करून देणाऱ्या बातम्या येतात. शाळा उत्तर देते की आम्ही सक्ती करत नाही, बाहेर मिळत असेल तर खुशाल घ्या. उत्तर शब्दशः खरं असतं आणि पालक मात्र त्याच एका दुकानाच्या रांगेत उभा असतो, कारण सक्ती परिपत्रकात लिहायची गरजच उरलेली नसते, ती कापडात विणलेली असते. परिपत्रकाला नियम लावता येतो, चौकडीला कसा लावणार? माझ्या मते गणवेशाच्या वादातली खरी जागा ही आहे. टाय असावा की नसावा यावर पालक तासभर भांडतात आणि कापड कुणाचंही लक्ष न जाता मंजूर होतं.

आई : म्हणजे एकरंगी कापड घ्या म्हटलं की अर्धा प्रश्न मिटला.

ताई : आणि शाळेचं बोधचिन्ह? ते शर्टाच्या खिशावर, पँटच्या खिशावर, मोज्यांवर, केसांच्या पट्ट्यावर सगळीकडे छापलेलं आहे. इंग्लंडने २०२१ मध्ये गणवेशाच्या खर्चावर कायदाच केला. चिन्ह असलेले कपडे कमीत कमी ठेवा, एकाच विक्रेत्याशी कायमचे बांधून घेऊ नका, जुने गणवेश मिळण्याची सोय करा, अशा सूचना तिथल्या शाळांना दिल्या आहेत. ज्यांच्याकडून आपण ब्लेझर घेतला त्यांनाच तो महाग वाटायला लागला.

आई : आमच्याकडे बिल्ला होता. पत्र्याचा, पिनेचा. शर्ट फाटला तरी बिल्ला पुढच्या शर्टावर. थोरल्याचा धाकट्याला. पिनाफोर शिवताना खाली चांगली चार बोटं दुमड सोडायची, वाढत्या अंगाचा म्हणून. दरवर्षी एक टीप उसवली की नवा झाला. तुमच्या तयार कपड्यांत दुमडच नसते.

ताई : आणि शाळा तीन-चार वर्षांनी गणवेश बदलते, तेव्हा थोरल्याचा धाकट्याला होतच नाही.

आई : ते मात्र चूक. उत्तर प्रदेशाच्या कायद्यात खासगी शाळांना पाच वर्षं गणवेश बदलता येत नाही, हे मी वाचलंय. आपल्याकडे तशी मुदत मागायला हवी.

खासगी शाळांच्या गणवेशाचा उगमही मला इथे आठवला. इंग्लंडमधली क्राइस्ट्स हॉस्पिटल ही शाळा १५५२ मध्ये लंडनला गरीब आणि अनाथ मुलांसाठी काढलेली. त्यांना दिलेला लांब निळा कोट हा शाळेच्या गणवेशाचा फार जुना दाखला मानला जातो, आणि तिथली मुलं आजही तो घालतात. धर्मादायातून आलेला कपडा पुढे श्रीमंतांच्या शाळांनी प्रतिष्ठेसाठी उचलला. बोरिवलीच्या परिपत्रकातला ब्लेझर या दुसऱ्या वाटेने आला आहे आणि आईच्या शाळेतली खाकी पँट पहिल्या. दोन्हींना आपण गणवेशच म्हणतो, म्हणून एकीच्या पुण्याईवर दुसऱ्याची किंमत वसूल होते.

मी हे बोलून दाखवल्यावर ताईने विषय सरकारी शाळांकडे वळवला. तिला दाखवायचं होतं की सारखेपणाचा हट्ट स्वस्त कपड्यातही बिघडतो.

ताई : पहिल्या वाटेचंही ऐक मग. आपल्या राज्याने २०२४-२५ मध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’ आणला. समग्र शिक्षाच्या पैशातून दोन गणवेशांना वर्षाला सहाशे रुपये मिळतात. ते आधी शाळा व्यवस्थापन समितीकडे जायचे, गावातला शिंपी शिवायचा. ते काढून घेतलं. आकाशी शर्ट आणि गडद निळी पँट राज्यभर, कापड एका ठिकाणाहून, शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांकडून. शाळा जूनमध्ये उघडल्या आणि कितीतरी मुलांना गणवेश महिनोन्‌महिने मिळाले नाहीत. मिळाले ते कुणाला आखूड, कुणाला ढगळ. डिसेंबरमध्ये निर्णय फिरवून अधिकार पुन्हा शाळा समित्यांना दिले. एवढ्या एकसारखेपणातून मुलांना काय मिळालं?

आई : त्याचा राग मलाही आहे, पण माझं कारण वेगळं. स्काउट-गाइडच्या दुसऱ्या गणवेशाचं नुसतं कापड शाळांना दिलं आणि शिलाईला एकशे दहा रुपये. एकशे दहा! कुठला शिंपी शर्ट-पँट शिवून देईल त्यात? माझ्या जुन्या सहकाऱ्यांच्या मुली आज जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवतात, त्यांनी शिंप्यांच्या दारी फेऱ्या मारल्या. गणवेश असणं ही चूक नव्हती. मुलाच्या अंगाचं माप मुंबईत बसून घेता येतं असं समजणं ही चूक होती.

ताई : मग माझ्या शाळेने बोरिवलीत बसून माझ्या मुलीला काय घालायला सोपं आहे हे ठरवणं बरोबर कसं?

आई : शाळा तिला रोज बघते.

ताई : बघते, विचारत नाही.

टाय आणि ब्लेझर यांवर दोघींचं लगेच एकमत झालं, म्हणून मीही ते लवकर उरकतो. केंद्रीय मंडळाच्या शाळा आपल्याकडे एप्रिलमध्येच उघडतात. बंद काचांची बस, पॉलिएस्टर मिसळलेलं कापड आणि गळ्याशी आवळलेला टाय घेऊन मूल दुपारी घरी येतं तेव्हा त्याच्या मानेवर पुरळ उठलेलं असतं. वकिलांनासुद्धा उन्हाळ्यात सर्वोच्च आणि उच्च न्यायालय सोडून इतर न्यायालयांत काळ्या कोटाची सक्ती नाही, तशी सूट बार कौन्सिलच्या नियमातच आहे. मोठ्यांनी स्वतःसाठी जी सवलत मागून घेतली ती आठवीतल्या मुलाला का मिळू नये? आई म्हणाली, सुती किंवा सुताचं प्रमाण जास्त असलेलं कापड लागतं, इस्त्री मोडली तरी चालेल. तिच्या तोंडून इस्त्री मोडलेली चालेल हे मी पहिल्यांदा ऐकलं.

मग शनिवार निघाला.

ताई : मावशी, शनिवारचा पांढरा गणवेश आठवतो ना? पांढरा स्कर्ट, पांढरा ब्लाउज, पांढरे कॅनव्हासचे बूट.

आई : का नाही आठवणार! पांढरा सगळ्यात स्वस्त. नीळ घातली की झाला नवा. बुटांना पांढरा हात मारून गॅलरीत ओळीने वाळत ठेवायचे.

ताई : सातवी ते दहावी, महिन्यातला एक तरी शनिवार मी त्या स्कर्टाच्या भीतीत काढला. मागून डाग तर दिसत नाही ना, हे मैत्रिणीला दर दहा मिनिटांनी विचारायचं. कवायतीत वाकायचं नाही. बऱ्याच जणी शनिवारी घरीच राहायच्या. तू बालदिनाचं हजेरीपत्रक बघितलंस. शनिवारचं मुलींचं बघितलं होतंस?

आई : मला माहीत होतं. माझ्या ऑफिसच्या कपाटात दोन-तीन निळे स्कर्ट ठेवलेले असायचे.

ताई : ते मागायला मुलीला ऑफिसात यावं लागायचं. तिथे शिपाईकाका, क्लार्क, एखादे सर. कोण येणार? विम्बल्डनने पांढऱ्याचा नियम किती वर्षं पाळला, पण २०२३ पासून बायकांना आतली पँट गडद रंगाची घालायची मोकळीक दिली. जगातल्या सगळ्यात हट्टी मैदानाला जे कळलं ते आमच्या शाळेला अजून कळलेलं नाही. नव्या परिपत्रकातही पीटीची ट्रॅक पँट पांढरीच आहे.

आई : पाचवीपासून पुढे मुलींना पांढरं नकोच. हे मी तुझ्याबरोबर बैठकीला येऊन सांगायला तयार आहे.

मला इथे थांबून सांगावंसं वाटतं की गणवेशाच्या समित्यांवर बसणाऱ्या माणसांनी हे एवढं एक वाक्य ऐकलं तरी पुष्कळ झालं. यात खर्च नाही, शिस्त मोडत नाही, परंपरेला धक्का लागत नाही. ट्रॅक पँटचा रंग गडद निळा करायचा, बस. तरी ते वर्षानुवर्षं होत नाही, कारण रंग निवडताना ज्या मुलींना तो घालायचा आहे त्यांच्यापैकी कुणीच त्या खोलीत नसते.

खरा पेच त्यानंतर आला, स्कर्ट की पँट या निवडीवर. परिपत्रकातला हा एकच मुद्दा ताईला आवडला होता आणि नेमका तोच आईला खटकला.

आई : निवड कोण करणार?

ताई : मुलगी.

आई : फॉर्मवर सही कुणाची?

ताई : पालकांची.

आई : मग निवड पालकांची. माझ्याकडे आठवीत एक मुलगी होती, लांब उडीत पहिली यायची. घरून सांगितलं, मोठी झाली, आता पिनाफोर नको, सलवार-कमीज घालू द्या, आणि खेळही बंद. मी म्हटलं, शाळेचा गणवेश पिनाफोर आहे, मी काही करू शकत नाही. खेळाच्या तासाला शाळेची हाफ पँट असते, तीही गणवेशच आहे. नियमाचा आधार होता म्हणून मी तिच्या वडिलांसमोर उभी राहू शकले. तो नियम ऐच्छिक असता तर ती मुलगी त्या दिवशी मैदानाबाहेर गेली असती. तू म्हणतेस नियम मुलीला बांधतो. मी म्हणते, पुष्कळदा घरच्या नियमातून तिला सोडवणारा तेवढा एकच नियम असतो.

ताई गप्प राहिली नाही, पण तिने सूर बदलला. हा मुद्दा तिच्यापुढे याआधी कुणी मांडला नव्हता, असं ती नंतर मला म्हणाली.

ताई : मग सगळ्यांना एकच द्या. केरळमध्ये एर्नाकुलम जिल्ह्यात वलयनचिरंगरा नावाच्या गावच्या सरकारी प्राथमिक शाळेने मुलगे-मुली सगळ्यांना गुडघ्याखाली येणारी पँट आणि शर्ट दिला. पालक-शिक्षकांनी मिळून ठरवलं. मुली बिनधास्त पळायला लागल्या. पण तेच २०२१ च्या डिसेंबरात बालुश्शेरीच्या उच्च माध्यमिक शाळेत आलं तेव्हा काही संघटना रस्त्यावर आल्या, आमच्या मुलींवर पँट लादता म्हणून. म्हणजे नियम एका मुलीला सोडवतो आणि दुसरीला अडकवतो. दोघी एकाच बाकावर असतील तर तू काय करशील?

आई : मोठ्या मुलींना दोन पर्याय देईन. कापड एकच, रंग एकच. खालचं काय ते तिने ठरवावं. पण खेळाच्या तासाला पर्याय नाही.

ताई : आणि डोक्यावरून ओढणी घेणारी असेल तर?

या प्रश्नावर दोघी शेवटपर्यंत एक झाल्या नाहीत. मी त्यांना एक करायचा प्रयत्नही केला नाही, कारण न्यायालयांतही हा प्रश्न अजून वाहता आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००२ मध्ये एका शाळकरी मुलीची डोकं झाकू देण्याची मागणी नाकारली होती. चेंबूरच्या एन. जी. आचार्य आणि डी. के. मराठे महाविद्यालयाने २०२४ मध्ये हिजाब, नकाब, बुरखा, स्टोल, टोपी, बॅज यांना मनाई करणारा नियम केला. नऊ विद्यार्थिनी उच्च न्यायालयात गेल्या, २६ जूनला त्यांची याचिका फेटाळली गेली. ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी, स्टोल आणि बॅज यांच्यापुरती त्या नियमाला स्थगिती दिली. वर्गात बुरखा घालण्याला मात्र मोकळीक दिली नाही. टिकली-टिळ्याला मनाई करणार का, असंही न्यायमूर्तींनी महाविद्यालयाला विचारलं होतं.

ताई : त्या मुली कॉलेजच्या होत्या, सज्ञान. त्यांना वर्गाबाहेर ठेवून कुणाचं शिक्षण झालं? मुलींना वर्गात आणायला गणवेश आला असं तूच म्हणतेस ना?

आई : मी माझ्या शाळेत पांढरी ओढणी चालवून घेतली, गणवेशाचाच भाग म्हणून. कुणाला लेखी दिलं नाही, कुणी तक्रार केली नाही. पण चेहरा झाकलेला मी चालू दिला नसता. शिकवताना मला मुलांचे चेहरे दिसायला हवेत, कळलं का कळलं नाही ते तिथेच दिसतं. आणि एक सांगते, शाळेत कशाला हो म्हणायचं हे शाळेने ठरवावं, बाहेरच्या संघटनेने नाही. या बाजूच्याही नाही आणि त्या बाजूच्याही नाही.

ताई : तू लेखी दिलं नाहीस, म्हणजे ती मुलगी तुझ्या मर्जीवर होती. तुझ्यानंतर दुसरी मुख्याध्यापिका आली असती तर?

आई : लेखी दिलं असतं तर दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात मोर्चा आला असता.

ताई : भीती मलाही कळते. तरी हक्क कुणाच्या चांगुलपणावर टांगून ठेवता येत नाही. मावशी, २०२४ च्या मार्चमध्ये शासनाने शिक्षकांनाही सांगितलं, जीन्स-टी-शर्ट नको, बायकांनी साडी किंवा सलवार-कमीज घाला. तू नोकरीभर साडीच नेसलीस. पण असं परिपत्रक तुझ्या हातात आलं असतं तर काय वाटलं असतं?

आई : अपमान वाटला असता. काय नेसावं हे मला कळत नाही का?

ताई : चौदा वर्षांच्या मुलीलाही थोडं कळतं.

आई : थोडं कळतं. तेवढ्या थोड्यापुरतं विचारा तिला, हे मी मान्य करते. सगळं तिच्यावर सोडणं मला मान्य नाही.

माझं मत कुणी विचारलं नव्हतं, तरी देतो. आईच्या म्हणण्याच्या मुळाशी असलेली गोष्ट मला सोडवत नाही: बालदिनाला पोटात दुखणारी मुलं. म्हणून गणवेश हवाच. पण समानतेचं नाव घेणाऱ्या शाळेने ते नाव कापडाच्या बिलावर सिद्ध करून दाखवायला हवं. सहाशे रुपयांत दोन जोड बसवा असं सरकारी शाळेला सांगितलं जातं, आणि खासगी शाळेच्या एका ब्लेझरची बाहीसुद्धा तेवढ्यात येणार नाही. सहाशेत कुणाचंच नीट भागत नाही हे खरं, पण पंचवीस टक्क्यांतल्या घरांना निदान दुसरा जोड परवडेल, इथवर तरी प्रत्येक खासगी शाळेचा गणवेश खाली यायला हवा. तो येत नसेल तर त्या शाळेने शिस्त, परंपरा, ओळख अशी हवी ती कारणं द्यावीत, समानता हे कारण देऊ नये.

रात्री जेवणं झाल्यावर दोघींनी समितीसाठी पत्र लिहायला घेतलं. ताई फोनवर टाइप करत होती, आई सांगत होती, आणि दर दोन वाक्यांनी एकमेकींचं वाक्य बदलत होत्या. चौकडीऐवजी बाजारात मिळणारं एकरंगी कापड, त्यात सुताचं प्रमाण जास्त. बोधचिन्ह फक्त बिल्ल्यावर. हाउसचा टी-शर्ट रद्द, त्याऐवजी खांद्यावरून घ्यायचा रंगीत पट्टा, तो शाळेच्या कपाटात राहील. टाय-ब्लेझर नाही. जुना गणवेश दोन वर्षं चालेल आणि नवा पाच वर्षं बदलणार नाही. वर्षअखेरीला लहान झालेले गणवेश शाळेत गोळा करून ज्याला हवे त्याला मिळतील, नाव न विचारता. पीटीची ट्रॅक पँट गडद निळी. डोकं झाकण्याचा मुद्दा पत्रात घालावा असा ताईचा आग्रह होता, आईचा विरोध. तो ताईने वेगळ्या कागदावर स्वतःच्या नावाने लिहिला.

स्कर्ट की पँट यावर पाचवीपासूनच्या मुलींचं मत चिठ्ठीवर घ्यावं, हे शेवटचं वाक्य ताईने लिहिलं आणि फोन बाजूला ठेवला.

आई म्हणाली, “त्यापुढे लिही, चिठ्ठी वर्गातच भरायची. घरी न्यायची नाही.”

“आणि मोजायची कुणी?”

“मुलींनीच. सगळ्यांसमोर, फळ्यावर रेघा मारून.”

ताईने तेही लिहिलं.